बादलीतला पुरावा

नवरा जाऊन चार वर्षं झालेल्या वच्छलाबाईचं पोट वाढायला लागलं, तेव्हा वडीगोद्रीजवळच्या त्या गावानं होणाऱ्या लेकराचं बारसंसुद्धा मनातल्या मनात उरकून टाकलं. हापशावर बाया तिच्या घागरीशेजारी घागर टेकवेनात. तिचा भाऊ बिरू मान खाली घालून मेंढरं हाकायचा.

शेवटी जालन्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत कलिंगडाएवढी गाठ!

"असली गाठ मी आजवर पुस्तकातच पाहिली होती," झाकणाच्या बादलीत, औषधात बुडवलेली ती गाठ बिरूच्या हाती देत डॉक्टर म्हणाले. "थेट औरंगाबादला तपासणीला ने. वाईट निघाली तर लगेच पुढचे उपचार करावे लागतील, नाहीतर ती पुन्हा वाढेल."

"बराबर, साहेब," म्हणत बिरू निघाला, तो गावाच्याच एस.टी.त बसला. पारावर येऊन त्यानं झाकण उघडलं.

"या, बघा डोळे फाडून! बाप कोन म्हनून इचारून राह्यल्ते ना? हे बघा तुमचं लेकरू!"

म्हातारे वरमले. बायांनी नाकाला पदर लावले. दोन दिवस बादली घरोघर फिरली, औषध सांडून वास सुटला, तेव्हा बिरूनं गाठ शेतात पुरून टाकली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मिशीला पीळ दिला.

 

सहा महिन्यांनी वच्छलाबाईचं पोट पुन्हा वाढायला लागलं, पण या खेपेला अख्ख्या गावात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही.