साहेबांचा फोन

पुन्हा लाइन तुटली आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या दवाखान्यातलं टर्मिनल मोडेम लावून फोनच्याच तारेवरून रक्तपेढीच्या संगणकाला जोडायचं, तेव्हा कुठे हवी ती बाटली शोधता यायची. आणि जोडणी झाली का हे ऐकायला साहेब हटकून केबिनमधला त्याच तारेवरचा फोन उचलायचे. उचलला की तुटली! "साहेब, हात जोडते, फोनला हात लावू नका!" मी दारातून ओरडले. "मग काम चाललंय हे मला कळणार कसं?" ते माझ्यावरच डाफरले. बाकावरची बाई उठली. तिचा मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर रक्ताची वाट बघत होता. ती तडक केबिनमध्ये शिरली आणि फोन तारेसकट उपटून घेऊन आली. तो पोटाशी घट्ट धरून म्हणाली, "लाव, पोरी." साहेब तणतणत आले. "माझा फोन द्या!" "देते की. आधी माझा मुलगा द्या."