अकरावे पान

वाढणाऱ्याच्या पदरी पुण्य पडते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु चार माणसांत मुकाट्याने बसून आपल्या ताटात वाढून घेणे, हेही कधीकधी कर्तव्यच असते. आणि जन्मभर वाढण्यातच धन्यता मानलेल्या माणसाला ते परक्या देशात, उतारवयात शिकावे लागले, तर ती परीक्षा सोपी नसते.

सुतारबाबांची ती परीक्षा लांब सुट्टीच्या पहिल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास सुरू झाली. लेकीकडे राहायला येऊन त्यांना सात महिने झाले होते. जावई त्या देशचाच. आज त्याची आई आणि भावंडे, अशी आठ माणसे जेवायला यायची होती. घरची तीन. टेबल सहा जणांचे.

"तुम्ही दहा जण कसेबसे मावून घ्या," बाबा म्हणाले. "मी वाढतो. माझं मागाहून."

लेकीने हातातला चमचा ओट्यावर आपटला.

"मागच्या सुट्टीला तुम्ही हेच केलंत, बाबा! सगळं जेवण होईपर्यंत पळी घेऊन उभे. सासूबाईंनी चारदा खुर्ची ओढून दिली."

"अगं, मुलीचा बाप व्याह्यांच्या आधी पानावर बसतो होय?"

"हे त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, तुम्हाला त्यांच्याबरोबर जेवायचंच नाही. जाताना मला म्हणाल्या, तुझ्या वडिलांना आम्ही नको आहोत, तर उगीच कशाला यायचं? आज यांनी हातापाया पडून बोलावलंय. आजही उभे राहिलात, तर त्या पुन्हा या घराची पायरी चढायच्या नाहीत."

बाबांनी तो आपटलेला चमचा उचलून नीट बाजूला ठेवला. ज्याला ते आदर समजत होते, तो समोरच्या ताटात अपमान होऊन पडला होता.

"बसेन मी," ते शेवटी म्हणाले. "पण कुठे?"

"टेबलाशी सहा जण. बाकीचे सोफ्यावर, ताट मांडीवर घेऊन."

"म्हणजे पंगत फोडायची?"

"मग काय करू? टेबल काही रबराचं नाही!"

बाबांनी टेबल न्याहाळले. मग त्यांची नजर भिंतीवरून फिरत फिरत झोपण्याच्या खोलीच्या दारावर येऊन थांबली. सपाट, गुळगुळीत, नक्षी नाही की खाच नाही. त्यांनी जवळ जाऊन वीत लावली.

जावई आंघोळ करून बाहेर आला, तेव्हा बाबा हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी शेवटच्या बिजागरीची पिन वर काढत होते.

"बाबा! हे भाड्याचं घर आहे!" घाबरला की जावयाचे मराठी फार शुद्ध होत असे.

"घाबरू नका, जावईबापू. दार मेलेलं नाही, जरा आडवं होतंय. संध्याकाळी पुन्हा उभं करतो. ते टोक धरा."

मूठ पेचकसाने सोडवली. ड्रॉवरची दोन बुटकी कपाटे टेबलाला लावून ठेवली, त्यांच्यावर पुस्तके रचली आणि पुस्तकांवर दार. बाबा गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, एका कोपऱ्याखाली आणखी एक पातळसे पुस्तक सरकवले.

"आता काठोकाठ भरलेली वाटी ठेवा. थेंब सांडायचा नाही."

दोन चादरी अंथरल्या. खुर्च्या, स्टुले, एक उपडा खोका असे मिळून अकरा आसने झाली. मुठीच्या भोकावर मिठाचे भांडे आले.

पाहुणे आले. सर्वांत पुढे विहीणबाई. तीस वर्षे नदीवर प्रवासी बोट चालवलेली ती बाई. आवाज पैलतीरी पोहोचेल असा. दारात पाऊल टाकताच तिला समोर दिसली ती बिनदाराची खोली आणि पलंगावर इस्त्री न केलेल्या कपड्यांचा ढीग. लेकीला धरणी दुभंगेल तर बरे, असे झाले. विहीणबाईंनी रिकामी चौकट पाहिली, चादरीचे टोक उचलून खालच्या बिजागऱ्या पाहिल्या आणि घर दणाणेल इतक्या मोठ्याने त्या हसल्या. काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" बाबांनी धास्तावून विचारले.

"म्हणतात, त्यांच्याकडेही एवढाच डोंगर आहे, फक्त तो दारामागे असतो," लेकीने सांगितले.

सगळे बसले. विहीणबाईंच्या शेजारचे स्टूल तेवढे रिकामे राहिले. बाबा भात वाढत एकेका ताटाशी थांबत होते. दहावे ताट झाले. आता बसायचे, हे मनाला कळत होते, पण पाय ऐकेनात. ते उगीचच पुन्हा पहिल्या ताटाकडे वळले. अन्नाला कुणी हात लावला नव्हता.

विहीणबाई उठल्या. बाबांच्या हातातली भातवाढी त्यांनी काढून घेतली आणि शांतपणे दोन वाक्ये बोलल्या. लेकीने ती मराठीत सांगितली.

"बाबा, त्या म्हणतात, शेवटचा माणूस आत येऊन बसल्याशिवाय त्यांनी कधी किनाऱ्याचा दोर सोडला नाही. आणि त्यांना भूक फार लागली आहे."

विहीणबाईंनी अकराव्या ताटात भात वाढला. चांगला डोंगर वाढला.

सुतारबाबा बसले. त्याबरोबर दहाही जणांनी असा काही कल्ला केला, की शेजाऱ्यांना वाटावे, या घरी नुकतेच कुणी जन्माला आले.

मग जेवण रंगले. मध्येच पलीकडून कुणी भात मागितला आणि बाबा सवयीने अर्धे उठले. विहीणबाईंनी न बघताच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते पुन्हा खाली बसले आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

तो घास त्यांना गोड लागो. आणि त्या घरी, कितीही माणसे आली तरी, एक पान अधिक मांडण्याची बुद्धी सर्वांना सदैव होवो.