गुडघेदुखीचा नकाशा

सोन्याच्या भावाने विकली जाणारी मात्सुताके अळंबी डोंगरात कुठे उगवते, हे म्हाताऱ्या जिंपाचीने सख्ख्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. आता वनखात्यात नोकरीला असलेली सून चिझुरू वाळलेली पाईनची झाडं मोजायला त्याच्या हाती फोन देत होती. “नकाशात नवी सोय आलीय, मामंजी. तुम्ही जिथे थांबाल, तिथे आपोआप लाल ठिपका उमटतो.” जिंपाचीच्या मनात पाल चुकचुकली. झाडांचं निमित्त, हिचा डोळा अळंबीवरच! दिवसभर तो डोंगरात पावलापावलाला थांबला. अळंबीच्या जागेवरून मात्र मान फिरवून झपाझप निघून गेला. संध्याकाळी चिझुरूने नकाशा उघडला. “अगंबाई, तीनशे ठिकाणी थांबलात?” “गुडघे दुखतात गं, सूनबाई.” ठिपक्यांच्या गर्दीतल्या एकमेव मोकळ्या जागेवर तिने बोट टेकवलं. “आणि इथे बरे दुखले नाहीत?” जिंपाची घाईघाईने गुडघा चोळू लागला. खात्यात कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तिने गुपचूप तिथेही ठिपका टाकला. “पहिली अळंबी मात्र माझी!”