दुधीचं वर्ष

मत्स्यखात्याच्या बाईंनी हसुरामच्या जिभेखालची चकती काढली, आणि त्याच्या बायकोने, चांगुणाने, लगेच बांगड्याचं कालवण वाढलं. मासळीच्या विणीच्या दिवसांत बंदी मोडून तो होडी काढायचा. तीनदा दंड भरूनही सुधारला नाही. चौथ्या वेळी शिक्षा म्हणून चकती बसली आणि वर्षभर प्रत्येक मासा त्याला उकडलेल्या दुधीसारखा लागला.

हसुरामने घास घेतला आणि डोळे मिटून तो कितीतरी वेळ चावत राहिला.

"पुन्हा बंदीत होडी काढाल?" बाईंनी विचारलं.

"समुद्राकडे पाठ करून बसेन, बाई. आणि चांगुणे, आज मीठ जरा जास्त झालंय."

चांगुणाने पदराने डोळे पुसले आणि ती हसत सुटली. वर्षभर तिच्या कालवणाला त्याने एकदाही नावं ठेवली नव्हती.