गुहेतली सुनावणी

वटवाघळांची जनसुनावणी सकाळी अकराला ठेवावी ती सरकारी कार्यालयानेच. चुनखडीच्या गुहेत सगळी मंडळी उलटी टांगून गाढ झोपली होती. पाचपर्यंत त्यांची एकही हरकत आली नाही, तर गुहा खाणीच्या ताब्यात जाणार होती.

डॉ. शैलजा मोहितकर दुभाषी यंत्र छताकडे धरून बसल्या होत्या. वटवाघळांचं बोलणं ते मराठीत सांगायचं. साडेचारला वर चुळबुळ सुरू झाली.

“सरक तिकडे,” यंत्र म्हणालं. “तूच सरक. ही जागा माझी आहे.”

नायब तहसीलदार ढुमणे इतिवृत्तात शब्दन् शब्द उतरवत होते. “मॅडम, हे नुसतं भांडण आहे. खाणीबद्दल चकार शब्द नाही. मी ‘हरकत नाही’ लिहितो.”

वटवाघळांचा अभ्यास करत शैलजाताईंनी सतरा वर्षं याच छताखाली काढली होती. त्यांनी हरकतीचा छापील अर्ज पुढे ओढला. पहिलाच प्रश्न होता, ‘सदर जागेवर आपला हक्क आहे काय?’

“साहेब, तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य वाचा बरं.”

“ही जागा माझी आहे,” ढुमण्यांनी वाचलं.

तोवर सगळं छत जागं झालं होतं. यंत्र दम न घेता तेच वाक्य बोलत सुटलं.

“किती आहेत हो हे?” ढुमण्यांनी हळूच विचारलं.

“चाळीस हजार. आणि एकत्रित हरकत चालणार नाही, असं सकाळी तुम्हीच बजावलंत,” शैलजाताई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा अर्ज पुढे सरकवला.