मागची सीट

भाड्याने स्नोमोबाइल देणाऱ्या म्हाताऱ्याने यशपालचं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "जर्मनीत किती वर्षं झाली?"

"सात," यशपाल म्हणाला. जरा छाती काढूनच म्हणाला.

म्हाताऱ्याने लायसन्स टेबलावरून परत सरकवलं. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतं, पुढे जर्मन काढावं लागतं. ड्रेस्डेनमध्ये ट्राम दारापाशी येते म्हणून यशपालने ते काढलं नव्हतं. त्याच्या बायकोने, धम्मदीपानेही नाही.

"आल्झो, म्हणजे चला परत," यशपाल म्हणाला. "अडीचची बस मिळेल."

त्याच्या आई, मीराबाई, भिंतीवरचा तक्ता बघत उभ्या होत्या. सूचना जर्मनमध्ये होत्या, पण प्रत्येकीशेजारी चित्र होतं. खिडकीबाहेर कमरेइतका बर्फ. कुंपणाच्या आत लाल काठ्या रोवून आखलेली वाट, आणि वाटेच्या तोंडाशी, चाकांऐवजी घसरपट्ट्यांवर उभी, एक पिवळी गाडी.

तीन आठवड्यांपूर्वी त्या मुलाकडे आल्या, तेव्हापासून बर्फ पडतच होता आणि त्या एकच वाक्य ऐकत होत्या. आई, घसरशील. कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाल्या तरी, घसरशील. आज सकाळी रेल्वेत तर त्याने पुन्हा विचारलं होतं, "गावची स्कूटी दिलीस का मामाला? आता चालवायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या.

मीराबाईंनी स्वेटरच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. पासपोर्ट, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, बाबासाहेबांचा छोटा फोटो. त्याखालून लायसन्स निघालं, आणि एक राखाडी पुस्तिका. आंतरराष्ट्रीय परवाना.

"हे कधी काढलंस?"

"निघायच्या आधी. आरटीओत जाऊन."

"कशाला पण?"

"असू दे म्हटलं जवळ."

म्हाताऱ्याने तारखा तपासल्या. फोटो पाहिला, चेहरा पाहिला. तीन आठवडे? पाहुण्या? "गेनाऊ," बरोबर, तो म्हणाला आणि पुढे बरंच काही बोलला. यशपालने ते मराठीत सांगितलं नाही, म्हणून धम्मदीपाने सांगितलं, "अहो आई, तुम्हाला चालतं म्हणतात. आपल्यात फक्त तुम्हालाच."

"आई, हे खेळणं नाहीये. सदुसष्ट वर्षांची आहेस तू. पडलीस म्हणजे?"

"म्हणजे ही लाल दोरी ओढली जाईल आणि इंजिन बंद पडेल." मीराबाईंनी तक्त्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "दोरी मनगटाला बांधायची. काठ्यांच्या बाहेर जायचं नाही. पुढच्या गाडीच्या जवळ जायचं नाही. हात वर दिसला की थांबायचं. वाच की. तुला तर भाषा येते."

धम्मदीपाने मफलर नाकावर ओढला. हसू लपेना.

जाड सूट चढवल्यावर मीराबाई गुंडाळलेल्या गादीसारख्या दिसू लागल्या. म्हाताऱ्याने हेल्मेटचा पट्टा तपासला, अंगठ्याने दाबायचा गॅस आणि ब्रेक दाखवला, एक फेरी शेजारून चालत घेतली. मग विचारलं, मागे कोण?

धम्मदीपा पुढे झाली. मीराबाईंनी मान हलवली आणि मुलाकडे बोट केलं.

"तू बस. दोन्ही हातांनी धर."

सव्वीस वर्षं मीराबाईंनी लशींचा डबा लुनाला बांधून काळ्या रानातला चिखल तुडवला होता. चिखल काय आणि हा बर्फ काय, घाबरून ब्रेक दाबला की गाडीला दोन्ही ओढून नेतात.

"हळू. डावीकडे काठी आहे. आई, ब्रेक! ब्रेक दाब!"

त्यांनी ब्रेक दाबला नाही. अंगठा सैल सोडला, अंग वळणाच्या बाजूला कलतं केलं. गाडी जड म्हशीसारखी, पण ऐकत वळली.

दुसऱ्या फेरीत मागून आवाज आला नाही. तिसरीत आला.

"आई, जरा जोरात घे ना."

"नाही. वळण आहे."

वळण सरलं. समोर पांढरी सरळ वाट, दोन्हीकडे लाल काठ्या, पुढे कुणी नाही.

"आता धर," मीराबाई म्हणाल्या आणि अंगठा दाबला. बर्फाचा फवारा दोन्ही बाजूंनी उडाला. सात वर्षं जर्मनीत राहिलेला माणूस आईच्या पाठीला डोकं टेकवून ओरडला, अगदी पोरासारखा.

म्हाताऱ्याने हात वर केला, तशा त्या बरोबर त्याच्यासमोर थांबल्या. यशपालने हेल्मेट काढलं. त्याची दाढी पांढरी झाली होती.

"आई," तो धापा टाकत म्हणाला, "स्कूटी खरंच दिलीस ना?"

"दिली."

"मामाला?"

"गॅरेजवाल्याला. पुढचा टायर गुळगुळीत झाला होता, नवीन टाकायला सांगितलाय."

यशपालने दाढीवरचा बर्फ झटकला.

"उतर आता," मीराबाई म्हणाल्या. "धम्मदीपाला बसू दे."

लाल दोरी त्यांनी मनगटावरून सोडली नव्हती.