उसनी द्यायची वही

सलाइनच्या बाटलीतलं पाणी दुधाळ झालं होतं आणि दीपमालाचा अंगठा नळीच्या चाकावर होता.

"थांब!" वॉर्डची नर्स कहकशानं तिचा हात बाजूला केला, नळी दुमडून धरली. पहिला थेंब अजून लोटनआबांच्या हातापर्यंत पोहोचला नव्हता.

पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या लिलाबाई दचकून उठल्या. "काय जयं व बाई?"

"काही नाही, अक्का. बाटली बदलते."

आबांना सकाळपासून दोनदा फिट आली होती. फिटचं हे इंजेक्शन मिठाच्या सलाइनमधूनच द्यायचं असतं. ग्लुकोजमध्ये टाकलं की त्याचे बारीक खडे होतात आणि ते थेट रक्तात जातात. कहकशानं नवी बाटली लावली, थेंब मोजले आणि मग दीपमालाला औषधांच्या खोलीत नेलं. मुलगी जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजची. धुळ्यात या वॉर्डात तिचा चौथा दिवस.

"ग्लुकोजमध्ये टाकायला कोणी सांगितलं?"

"नोट्समध्ये तसंच आहे, ताई."

"कोणाच्या नोट्स? त्या बाईलाच आधी आबांच्या पलंगावर झोपवायला पाहिजे."

"नाव नाही त्यावर. पण आमच्याकडे बठ्ठ्या पोरी त्याच वाचतात. झेरॉक्सवाला स्पायरल मारून विकतो. पुस्तक कोण उघडतंय?" दीपमालानं मोबाइल पुढे केला. "अक्षर तर बघा, छापल्यासारखं."

कहकशानं बघितलं. प्रत्येक मथळ्याखाली दोन रेघा होत्या, एक सरळ, एक नागमोडी. अशा रेघा ती स्वतः मारायची.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला ती दोन वह्या लिहीत असे. एक स्वतःची, एक उसनी द्यायची. मागच्या बाकावर वर्षभर रील्स बघणाऱ्या मुली परीक्षेच्या आठवड्यात "कहकशा, दे ना गं" करत यायच्या आणि तिच्याइतकेच मार्क मिळवायच्या. म्हणून दुसऱ्या वहीत तिनं चुका पेरल्या. कोण कोणाचं उतरवतं ते मॅडमना एकदा कळू दे. पण पेपरात त्या चुकांवरचा एकही प्रश्न आला नाही. वही कोणी परत केली नाही. तिनंही मागितली नाही.

"ताई, डॉक्टरांना माझं नाव सांगाल का?"

"तुझं नाही."

दीपमालाचा जीव भांड्यात पडला. "मग एवढं एक पान मी खोडते आणि ग्रुपवर टाकते. आजपासून आमच्या आणखी सोळा जणी ड्यूटीवर आहेत. यावलला, दोंडाईच्याला, कुठं कुठं. बाकी सगळं बरोबर आहे ना, ताई?"

कहकशा अंगठ्यानं पानं वर सरकवत राहिली. एकशे चाळीस पानं होती. कुठं कुठं काय बदललं होतं, एवढंच तिनं कधी लिहून ठेवलं नव्हतं.